शालीची उलट बाजू

बेळगावच्या अनगोळातलं एक बारसं. घुगऱ्यांची वाफ माजघरापर्यंत आली होती, पाळण्याला झेंडूच्या माळा बांधून झाल्या होत्या आणि 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' व्हायला अजून अवकाश होता. अशा मधल्या वेळात बायका आहेर बघतात. झबली, टोपडी, चांदीचे वाळे, पावडर-साबणाचे डबे, आणि त्यांत एक हातानं विणलेली शाल. फिकट पिवळी, लाटांच्या जाळीची. ती हातोहात फिरली. ज्या त्या बाईनं वरून हात फिरवला, "किती मऊ हाय गे" म्हटलं आणि पुढं सरकवली. शेवटी ती भिंतीला टेकून बसलेल्या एका आज्जींकडं आली. त्यांनी हात फिरवला नाही. शाल उलटी करून मांडीवर पसरली, चष्मा कपाळावर चढवला आणि नखानं एकेक भोक मोजत निघाल्या. एका लाटेपाशी नख थांबलं. "हितं पाचच हायत की गे." विणणारी शेजारीच बसली होती. तिनं वाकून बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, "काय नाही आज्जी, तसंच असतंय ते." आज्जींनी मान हलवली आणि शाल खाली ठेवली.

तसं नसतंय ते.

आज्जींचं आधी उलट बाजू बघणं हे कसुतीच्या भरतकामाचं वळण. बेळगाव-धारवाडकडच्या जुन्या बायकांची नजर इरकली लुगड्यावरच्या कसुतीत तयार झालेली असते, आणि कसुतीत कापडावर नक्षी छापून घेत नाहीत. ताणा-बाण्याचे धागे मोजत भरायची. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे तिचे चार टाके. गवंतीत धावदोरा एकदा पुढं जातो आणि परत येताना सुटलेल्या जागा भरत येतो. मुरगी तशीच, फक्त पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी. हे दोन्ही टाके कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखेच दिसतात. नेगी म्हणजे कापडातच विणून काढल्यासारखे लांब-आखूड धावदोरे, आणि मेंथी म्हणजे फुलीचा टाका, मेथीच्या दाण्यावरून नाव पडलेला. गंमत अशी की 'गवंती' ह्या नावातच कानडीतली गाठ आहे, पण कामात गाठ मारायची नाही. दोऱ्याचं टोक भरलेल्या टाक्यांखालीच जिरवायचं. एक धागा चुकीचा मोजला तर नक्षीतलं गोपुर तिरकं होतं, आणि ते मागून आधी कळतं. अशी नजर जाळीच्या शालीवर पडली तर ती भोकंच मोजणार.

आणि लाटांच्या त्या विणीत भोकं मोजता येतात, हीच तिची खुबी आहे. स्कॉटलंडकडच्या शेटलंड बेटांवरची ही जुनी वीण, तिकडं तिला ओल्ड शेल म्हणतात. १८ टाक्यांचा एक नमुना, ४ ओळींत पुरा. पहिली ओळ सगळी सुलट, दुसरी सगळी उलट. सगळा खेळ तिसरीत: तीन वेळा दोनाचा एक (म्हणजे दोन टाके मिळून एक विणायचा), मग सहा वेळा 'लोकर पुढं घेऊन एक सुलट', परत तीन वेळा दोनाचा एक. चौथी ओळ मागच्या बाजूनं सगळी सुलट, त्यामुळं पुढं एक आडवी कडी उमटते. हिशेब बघा. दोनाचा एक सहा वेळा केला म्हणजे सहा टाके गेले, लोकर सहा वेळा पुढं घेतली म्हणजे सहा आले, आणि प्रत्येकापाशी एक भोक. १८चे १८. बाळाच्या शालीला असे सात नमुने, म्हणजे १२६ टाके, आणि दोन्ही कडांना चार-चार साधे, असे १३४ टाके घातले की चार पदरी लोकरीत आणि ८ नंबरच्या सुईवर ताणून वाळवल्यावर सत्तर सेंटिमीटरच्या आसपास रुंदी मिळते. हात सैल की घट्ट त्यावर थोडं कमी-जास्त. टाके वाढतात आणि घटतात ते एकाच ओळीत पण वेगवेगळ्या जागी, म्हणून कापड जिथं भोकं आहेत तिथं फुगतं, जिथं दोनाचे एक आहेत तिथं आवळतं, आणि लाट आपोआप होते. पाच भोकं म्हणजे कुठंतरी लोकर पुढं घ्यायची राहिली, १८चे १७ झाले, आणि पुढच्या तिसऱ्या ओळीला हिशेब जुळेना तेव्हा कुठंतरी एक टाका घुसडून तो जुळवला.

सहावं भोक नाही म्हणून शाल काही फाटत नाही. समोरून दिसतही नाही फारसं. पण घुसडलेल्या टाक्याच्या अंगाला मागून एक बारीक चुणी पडते, कारण त्या टाक्याला स्वतःची लोकर मिळालेली नसते. शेजाऱ्यांची ओढून घेतलेली असते. आज्जींचं नख बहुतेक त्या चुणीवरच थांबलं असणार.

जाळीतली चूक दुरुस्त करायची तर आधी टाके कुठून येतात आणि कुठं जातात हे बघायची सवय लागते. साध्या विणीत टाका सुटला तर तो शिडीसारखा सरळ खाली पळतो, थेट घातलेल्या टाक्यांपर्यंत. जाळीत तसं होत नाही. वरून सुटलेला टाका खाली जाताना जिथं लोकर पुढं घेतली होती तिथं येऊन थांबतो, कारण त्याचा जन्मच तिथं झालेला असतो. त्याच्याखाली त्याचं कुणी नाही. उलट 'दोनाचा एक'पाशी आला की तो दुभंगतो आणि एकाच्या दोन शिड्या खाली धावायला लागतात. बहुतेकांची घाबरगुंडी इथंच उडते. आकडा घालून एक शिडी वर आणतात, दुसरी तशीच लोंबते, मग ती सुईदोऱ्यानं टाचून टाकतात. दोन्ही शिड्या त्या ओळीपर्यंत वर आणायच्या, दोन्ही टाके आकड्यावर बरोबर घ्यायचे आणि त्यांतून वरची आडवी लोकर ओढायची. कुठला टाका वर राहतो त्यावर तो उजवीकडं झुकणार की डावीकडं हे ठरतं, म्हणून शेजारच्या नमुन्यात बघून घ्यावं. लोकर भलतीकडं पुढं घेतली गेली असेल तर मात्र काम सोपं. तो टाका सुईवरून सरळ सोडून द्यायचा, तो आपल्या जन्मस्थानापर्यंत उसवत जातो आणि थांबतो. उरलेली सैल लोकर सुईच्या टोकानं दोन्ही बाजूंना वाटून द्यायची.

राहिलेलं भोक लगेच लक्षात आलं तर दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची. दोन टाक्यांच्या मधे आडवी लोकर दिसते, ती डाव्या सुईनं उचलायची आणि नेहमीसारखी विणायची. बऱ्याच जणी इथं ती लोकर मागून विणतात, कारण साधा टाका वाढवताना तसंच शिकवलेलं असतं. मागून विणलं की टाका पिळला जातो आणि भोक बुजतं. साध्या स्वेटरला भोक नको असतं म्हणून तिथं पिळायचं. इथं भोकच पाहिजे, तेव्हा पिळायचं नाही. भोक सुरुवातीला शेजाऱ्यांपेक्षा लहान दिसेल. भिजवून ताणल्यावर सारखं होतं.

पण तिसऱ्या ओळीतली चूक बहुतेक पुढच्या तिसऱ्या ओळीलाच कळते, म्हणजे चार ओळी वर गेल्यावर. मधल्या ओळी सरळसोट असतात, हात चालत असतो, टीव्हीवर मालिका चालू असते, मोजतंय कोण. चौथ्या ओळीला प्रत्येक नमुन्याचे टाके मोजायची सवय असेल तर सगळं तिथंच निभावतं. नसेल तर दोन वाटा: अख्ख्या चार ओळी उसवायच्या, म्हणजे १३४ गुणिले ४, पाचशे छत्तीस टाके. नाहीतर चुकलेला एकच नमुना खाली सोडायचा: १८ गुणिले ४, फक्त बहात्तर. पिवळ्या शालीतली चूक ह्या बहात्तर टाक्यांची होती.

हे बहात्तर टाके कसे विणायचे ते नीट सांगण्यासारखं आहे, कारण बघणाऱ्याला ते सर्कशीतलं काम वाटतं आणि ते तसं नाही. शाल टेबलावर पसरा, मांडीवर नको. चुकलेल्या नमुन्याच्या दोन्ही अंगांचे टाके दोन वेगळ्या सुयांवर राहू द्या आणि टोकांना रबर गुंडाळा, नाहीतर एक दुरुस्त करताना चार निसटतील. आता मधले १७ टाके सुईवरून काढा आणि बोटांनी हळू चार ओळी खाली उसवा. उजवीकडच्या टाक्यातून निघून डावीकडच्या टाक्यात जाणाऱ्या चार लांब लोंबत्या लोकरी दिसतील. त्या एकात एक गुंतू द्यायच्या नाहीत. उशीवर टाचण्यांनी खालून वर क्रमानं लावून ठेवा. तळाला १८ मोकळे टाके मिळतील, ते दोन्ही टोकांना अणकुची असलेल्या बारीक सुईवर उचला, १२ नंबरची चालेल. प्रत्येक टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढं आला पाहिजे. मग सगळ्यात खालची लोकर घ्यायची आणि नेहमीच्या सुईनं तिसरी ओळ विणायची, भोकं सहा मोजून. दुसरी लोकर चौथ्या ओळीची. इथं हमखास घोटाळा होतो. चौथी ओळ आपण मागून सुलट विणलेली असते, पण दुरुस्ती चाललीय समोरून, तेव्हा ती उलट विणायची. तसं नाही केलं तर आडवी कडी त्या नमुन्यापुरती तुटते आणि लांबूनसुद्धा दिसते. तिसरी लोकर पहिल्या ओळीची, ती समोरून सुलट. चौथी लोकर दुसऱ्या ओळीची, मागून उलट असलेली, म्हणून समोरून तीही सुलट. झालं. शेवटचे दोन-तीन टाके घट्ट जातील, कारण आधी न घेतलेल्या भोकाची लोकर आता ह्याच लांबीत बसवायचीय. दोन्ही बाजूंच्या शेजारी टाक्यांमधून थोडी थोडी ओढून घ्या. सरावाच्या हाताला अर्धा तास लागत नाही. बारा ओळी खालची चूकसुद्धा अशीच काढता येते, दोनशे सोळा टाक्यांत, पण मग लोंबत्या लोकरी बारा होतात आणि टाचण्यांचा हिशेब चहा पिऊन, दार लावून करावा लागतो. मोहेअरसारख्या केसाळ लोकरीला हे करू नये. तिचे केस एकमेकांत बसलेले असतात, उसवताना लोकरच तुटते.

ह्या सगळ्या उपद्व्यापापेक्षा स्वस्त आहे तो आडवा दोरा. विणणाऱ्या पोरी आता त्याला लाइफलाइन म्हणतात. दर दोन-तीन नमुन्यांनी, दुसरी ओळ संपली की, बोथट सुईत गुळगुळीत सुती दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून आरपार काढायचा आणि दोन्हीकडं वीतभर लोंबता ठेवायचा. पुढं चुकलं तर सुई बिनधास्त ओढून काढावी, उसवत दोऱ्यापर्यंत यावं, टाके तिथं शहाण्यासारखे थांबलेले असतात. दोरा क्रोशाचा चांगला, केसाळ नको. लाल, जांभळा नको, ओल्यात रंग सोडला तर फिकट शालीत रेघ राहते. खुणेच्या कड्या असतील तर दोरा त्यांच्यातून जाता कामा नये, नाहीतर कडी तिथंच अडकते. दोन नमुन्यांच्या मधे ह्या खुणा घालाव्याच. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या नको असतील तर शीतपेयाच्या नळीचे बारीक काप चालतात. एक जपायचं: नमुन्याच्या टोकाला लोकर पुढं घ्यायची असेल तर ती खुणेखालून पलीकडच्या घरात सरकते, आणि मग एका घरात १७, शेजारी १९ असा हिशेब येतो. चूक नसतेच, भोक फक्त शेजारी जाऊन बसलेलं असतं.

सुयांच्या नंबरांनी किती शाली वाया गेल्या असतील देव जाणे. खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत मिळणाऱ्या सुयांवर जुने विलायती नंबर असतात, ज्यांत नंबर वाढेल तशी सुई बारीक. ८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. अमेरिकन नमुन्यात मात्र ८ म्हणजे ५ मिलिमीटर, आणि तिथं नंबर वाढेल तशी सुई जाड. मोबाइलवरचा नमुना बघून आपल्या ८ नंबरावर विणलं की शाल टॉवेलाएवढी होते. मिलिमीटर बघावेत, नंबर विसरावेत.

लोकरीचं म्हणाल तर आपल्या भागाला लोकर काही नवी नाही. दख्खनी मेंढीची लोकर आणि तिचं घोंगडं इथल्या धनगर-कुरुबांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेलं, पावसात डोक्यावर घेतलं तर आत थेंब येऊ न देणारं. पण ती लोकर राठ. जाळीत ती टोचते, आणि बाळाला तर नाहीच. जाळीच्या शालीची लोकर दुकानातून येते, बहुतेक लुधियानाकडची, आणि बहुतेक ॲक्रिलिक. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. बाळाची शाल आठवड्यातून दोनदा धुतली जाणार, मशीनमध्येही जाणार, कसर लागणार नाही. फक्त सगळे गुंडे एकदम घ्यावेत आणि पट्टीवरचा रंगाचा लॉट नंबर जुळवून घ्यावा. शेवटचा गुंडा दुसऱ्या लॉटचा आला तर दोन-दोन ओळी आलटून पालटून दोन्ही गुंड्यांतून विणाव्यात, म्हणजे रंगाची सीमारेषा दिसत नाही. सीमारेषांची आपल्याकडं आधीच कमी नाही.

टाके बंद करताना हात आपोआप घट्ट होतो. काम संपत आलेलं असतं, बारसं उद्यावर आलेलं असतं. आणि मग खालची कड लाटांसारखी मोकळी आणि वरची कड पिशवीच्या तोंडासारखी आवळलेली. जाळीला वरची कडसुद्धा ताणली गेली पाहिजे. दोन नंबर जाड सुई घ्यावी, आणि नेहमीसारखा एक टाका दुसऱ्यावरून न काढता दोन सुलट विणून ते परत डाव्या सुईवर सरकवावेत आणि मागून दोनाचा एक करावा. मग एक सुलट, परत दोन्ही डावीकडं, परत मागून दोनाचा एक. सावकाश होतं, पण कड रबरासारखी होते. रुंदीच्या चौपट लोकर हाताशी आहे ना हे आधी बघावं. अर्ध्या कडेवर लोकर संपली की होणारी चिडचिड सांगून समजत नाही.

सुईवरून उतरलेली जाळी म्हणजे चुरगळलेलं काहीतरी असतं. भोकं मिटलेली, लाटा झोपलेल्या. नवख्या बायका इथं रडकुंडीला येतात आणि तशीच घडी करून देतात. लोकर खरी असेल तर कोमट पाण्यात, थोडं रिठ्याचं पाणी किंवा साधा सौम्य साबण घालून, वीस-पंचवीस मिनिटं बुडवून ठेवावी. चोळायची नाही, पिळायची नाही, उचलताना दोन्ही हातांच्या ओंजळीत उचलायची, कारण ओल्या लोकरीचं वजन एका कडेवर आलं की ती लोंबते. मग टॉवेलात गुंडाळून टॉवेलावर पाय द्यायचा. गादीवर दुसरा कोरडा टॉवेल, त्यावर शाल, आणि ताणून टाचण्या. आधी चार कोपरे, मग मध्य, मग प्रत्येक लाटेच्या टोकाला एक. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, साध्या टाचण्यांचा गंज रात्रीत उतरतो आणि निघत नाही. सरळ कडांना टाचण्यांऐवजी एक लांब सुती दोरा कडेच्या टाक्यांतून ओवून दोन टोकांना ताणला तर कड करवतीसारखी होत नाही. पूर्ण वाळल्याशिवाय एकही टाचणी काढायची नाही. हाताला कोरडी लागते पण आत ओल असते, काढली की रात्रीतून परत आकसते.

आणि वाळणं ही आपल्याकडची खरी अडचण. अथणी-रायबागकडं उन्हात नुसती पसरली तरी संध्याकाळपर्यंत काम होतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं आषाढात झड लागली की मोजेसुद्धा तीन दिवस वाळत नाहीत. बेळगाव मधे कुठंतरी. पावसाळ्यातल्या बारशाची शाल असेल तर ताणून वाळवायला चार दिवस धरून काम संपवावं, आणि गादी भिंतीला न टेकवता पंख्याखाली ठेवावी. दुसऱ्या दिवशी शाल न काढता तिच्याखालचा टॉवेल बदलता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच टॉवेलाखाली विणलेली चटई घालावी, खालून वारा जातो. घाई करून चुलीजवळ ठेवलेल्या शालीला धुराचा वास लागतो आणि तो बाळाच्या कपड्याला शोभत नाही.

ॲक्रिलिकला हे पाणी-टाचण्यांचं काम तात्पुरतं लागू पडतं. एका धुण्यात जाळी परत मिटते. तिला वाफ लागते. टाचून झालं की वर ओलं मलमल पसरायचं आणि इस्त्री त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर धरून फक्त वाफ सोडायची. इस्त्री टेकवायची नाही, चुकूनसुद्धा नाही. वाफ जास्त झाली की ॲक्रिलिकचा जीव जातो. शाल लुळी पडते, चमकते, आणि परत कधीच पूर्ववत होत नाही. शिल्लक लोकरीचा हातभर तुकडा विणून त्यावर आधी करून बघावं. ह्या एकाच पायरीला उसवण्याचा मार्ग नाही.

आता टोकं. शालीच्या उलट बाजूचा प्रश्न शेवटी इथं येतो. प्रत्येक गुंड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी पंधरा-वीस सेंटिमीटर लोकर लोंबती ठेवायची, आणि नवा गुंडा शक्यतो कडेलाच जोडायचा, जाळीच्या मधे नाही. गाठ मारू नये. गाठ जाळीत लपत नाही, धुण्यात समोर येते आणि बाळाच्या पाठीला टोचते. टोक बोथट सुईत ओवून कडेच्या साध्या टाक्यांतून, टाक्याच्याच वळणानं पाच-सहा टाके न्यावं, मग उलट दिशेनं परत तेवढंच. ॲक्रिलिक निसरडं असतं म्हणून परतीची फेरी हवीच. भोकावरून आडवं टोक नेलं की भोकात काडी अडकल्यासारखी दिसते. टोक कापायचं ते धुऊन, ताणून, वाळवून झाल्यावर. आधी कापलं तर ताणताना ते आत सरकतं आणि समोरून मिशीसारखं बाहेर येतं. खरी, मशीनमध्ये चालत नाही अशी लोकर असेल तर दोन टोकं पिंजून, ओली करून तळहातांत चोळली की एकजीव होतात, टोकच उरत नाही. ॲक्रिलिक आणि सुती धाग्याला हे जमत नाही.

तान्ह्या बाळासाठी आणखी दोन-तीन गोष्टी. मोठ्या भोकांत बाळाची बोटं अडकतात, मागच्या सैल लोकरीतही, म्हणून बाळाच्या शालीला जाड सुई आणि मोठी जाळी घेऊ नये. टोपड्याला बंद लावायचेच तर आखूड, गळ्याभोवती न फिरणारे. बटण लोकरीनं नाही, शिवणाच्या पक्क्या दोऱ्यानं लावावं आणि देण्याआधी दोन चिमटींत धरून जोरानं ओढून बघावं. आणि ठेवणीतल्या शालीत डांबरगोळ्या घालू नयेत. नॅफ्थलीनचा वास लागलेल्या कपड्यांनी रक्तातल्या जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, कावीळ वाढू शकते, आणि आपलं बाळ त्यातलं आहे की नाही हे बारशापर्यंत कुणाला ठाऊक नसतं. सुकलेला कडुलिंब किंवा वेखंडाचा तुकडा मलमलीत बांधून ठेवला तर चालतो. देताना त्याच लोकरीचा हातभर धागा एका चिठ्ठीला गुंडाळून द्यावा आणि चिठ्ठीवर कसं धुवायचं ते लिहावं. पुढं टाका सुटलाच तर रंग शोधत बाजारात फिरायला नको.

पाळण्यात घालायची वेळ झाली. घरच्या बाईनं ती पिवळी शाल घेतली आणि जशी सगळ्यांना दाखवली होती तशीच, सुलट बाजू वर करून, बाळावर पांघरली. "थांब गे," म्हणत आज्जी भिंतीचा आधार घेऊन उठल्या. शाल काढली, उलटली आणि परत घातली. गुळगुळीत बाजू बाळाच्या अंगाला आणि जिरवलेली टोकं, चुण्या वगैरे सगळं वर, बायकांच्या नजरेसमोर. विणणारी बघत होती. "मी रात्री परत उसवतो की आज्जी," ती हळूच म्हणाली. "आता कशाला? निजलंय की ते," आज्जी म्हणाल्या आणि पाळण्याची दोरी हातात घेतली. पाच भोकांची लाट पाळण्याच्या कडेवर आली होती.